बस सुटल्यावर मागे राहिलेले

आमच्या वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर महिन्यातून एका शनिवारी संध्याकाळी चित्रांच्या गप्पा होतात. गावातल्या कुणीही यावं, बारा चित्रं आणावीत, ती पडद्यावर दाखवावीत आणि त्यांच्याविषयी बोलावं. अट एकच. प्रत्येक चित्र अर्धा मिनिट थांबतं आणि आपोआप पुढे सरकतं. बोलणाऱ्याचं वाक्य संपलंय की अडकलंय, याच्याशी चित्राला काही देणंघेणं नसतं. वेळ संपली की ग्रंथपाल बाई पितळी घंटा वाजवतात आणि बोलणारा मुकाट्याने खाली बसतो. बाईंनी एकदा सख्ख्या भावालाही असंच वाक्याच्या मध्यावर खाली बसवलं होतं.

मला या संध्याकाळी फार आवडतात. माझी उमेदीची सगळी वर्षं फोटो स्टुडिओत गेली. समोर नाही, मागच्या खोलीत. धुऊन निघालेल्या छापावर धुळीचे पांढरे ठिपके राहायचे, ते बारीक कुंचल्याने भरायचे, हे माझं काम. नवरीच्या गालावरचा ठिपका, बाळाच्या टोपीवरचा ठिपका. लग्नाआधी दोन वर्षं आणि लग्नानंतर, मधली तीन वर्षं सोडली तर, डोळे साथ देत होते तोवर मी तेच केलं. त्यामुळे पडद्यावर एवढं मोठं चित्र आलं की माझी नजर आधी कोपऱ्यात ठिपके शोधायला जाते. जित्याची खोड.

त्या दालनात मी काय काय पाहिलं. एका कुलपं दुरुस्त करणाऱ्याने लोकांनी रागाच्या भरात फोडलेल्या कुलपांचे फोटो दाखवले आणि कुणाचं भांडण कशावरून झालं असेल याचे अंदाज बांधले. एका प्लंबरने तुंबलेल्या पाइपांतून निघालेल्या वस्तू दाखवल्या. त्यात एक अख्खी कवळी होती, आणि ती बघताना मागच्या रांगेतले एक गृहस्थ उगाचच खाली बघायला लागले. एकदा निवृत्त मुख्याध्यापक बोलायला उभे राहिले. ते तिसऱ्या चित्राची प्रस्तावना करत असताना बारावं चित्र येऊन गेलं. घंटा वाजली तेव्हा ते म्हणत होते, "तर आता मूळ मुद्द्याकडे वळू."

त्या वेळी माझ्या शेजारी बसलेल्या वन्सं हसल्या. तोंडावर हात ठेवून, खांदे हलवत. आजारपणानंतर त्या पहिल्यांदाच हसत होत्या.

वन्सं म्हणजे माझी नणंद, ह्यांची धाकटी बहीण. लग्न केलं नाही. आमच्याजवळच राहिल्या. गावातल्या बसस्थानकावर त्या उद्घोषक होत्या. फलाटांच्या वर काचेची एक खोली आहे, तिथे बसून कुठली बस कुठल्या फलाटावर लागली, कुठली सुटते आहे, ते सांगायचं. त्यांचा चेहरा फार थोड्यांना माहीत होता, पण आवाज ओळखत नाही असा माणूस गावात नव्हता. स्वच्छ आवाज, ना घाई ना ओढाताण. स्टुडिओच्या मागच्या खोलीपर्यंत तो यायचा. मी हातातला कुंचला थांबवून मालकांना म्हणायची, आमच्या वन्संनी दुपारची बस सोडली, आता जेवायला हरकत नाही.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी त्यांना मेंदूचा झटका आला. हातपाय वाचले. बोलणं गेलं. म्हणजे अगदी गेलं असंही नाही. बोलणं शिकवायला येणाऱ्या बाईंनी आम्हाला समजावलं होतं. शब्द आत सगळे शाबूत आहेत, पण यायचा रस्ता खचलाय, म्हणून ते लांबच्या वाटेने वळसा घालून येतात. थांबलात तर पोचतील. मात्र वर्षानुवर्षं घोकलेलं जे असेल, ते जुन्या वाटेने धाडकन बाहेर पडेल.

आणि तसंच झालं होतं. दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर त्यांना पाणी हवं होतं. पाण्याचा शब्द येईना. तोंड उघडलं आणि बाहेर आलं ते, "सर्व प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे." खणखणीत, पूर्वीसारखं, एकही अक्षर न अडखळता. परिचारिका कौतुकाने गोळा झाल्या. पुन्हा म्हणा म्हणाल्या. वन्सं पुन्हा म्हणाल्या, कारण दुसरं काही येतच नव्हतं. मग रडायला लागल्या.

घरी आल्यावर भेटायला येणाऱ्यांनीही तेच केलं. काय हवं नको विचारायचे, वन्सं शब्द जुळवेपर्यंत घड्याळाकडे बघायचे, आणि जाताना म्हणायचे, ते तुमचं प्रवाशांनी लक्ष द्यावे तेवढं एकदा म्हणा ना. हळूहळू त्या कुणी आलं की आतल्या खोलीत जाऊन बसायला लागल्या. पुढे आमच्याशीही बोलेनात. मानेने हो, मानेने नाही.

यात ह्यांचाही वाटा होता, आणि तो त्यांना कळत नव्हता. आमचे हे छापखान्यात मुद्रितशोधक होते. छापायच्या आधी मजकूर वाचायचा, गळलेला शब्द भरायचा, चुकलेला दुरुस्त करायचा, जादाचा उडवायचा. नोकरी संपली, पण माणूस थोडाच बदलतो. समोरच्याने वाक्याला हात घातला की हे त्याचा शेवट करून मोकळे. भाजीवाल्याचं वाक्य पुरं करतात, डॉक्टरांचं करतात, रेडिओवरच्या निवेदकाचंसुद्धा करतात. वन्संनी "मला" म्हटलं की हे लगेच विचारायचे, चहा? पाणी? चष्मा? खिडकी लावू? त्या मान हलवत राहायच्या आणि त्यांच्या वळशाने निघालेला शब्द अर्ध्या वाटेतून माघारी जायचा. प्रेमापोटीच करत होते. बहिणीची तगमग त्यांना बघवत नव्हती.

मुख्याध्यापकांच्या फजितीनंतर दुसऱ्या दिवशी वन्संनी कपाटाच्या वरच्या फळीकडे बोट दाखवलं. मी स्टुलावर चढून पुठ्ठ्याचं खोकं काढलं. मला ते उघडायची गरज नव्हती. त्यातल्या एकेका फोटोवरून माझा कुंचला फिरला होता.

वन्संकडे एक छोटा कॅमेरा होता. काचेच्या खोलीतून त्या फोटो काढायच्या. बसचे नाहीत. बस सुटल्याची घोषणा झाली, बस फाटकाबाहेर पडली, की मग. सोडायला आलेली माणसं तिथेच उभी असतात, त्यांचे. रोल आमच्या स्टुडिओत यायचे. मालक छाप बघून कपाळावर हात मारायचे. म्हणायचे, बाई, बस कुठे आहे? गेलेल्या बसचे फोटो काढणारं गिऱ्हाईक मी जन्मात पाहिलं नाही. त्यांचा स्वभाव तसा, पण कागद चांगला वापरायचे. ठिपके मी सवडीने भरायची. वन्संनी ते फोटो कधी कुणाला दाखवले नाहीत. मीही कधी विचारलं नाही की हेच का काढता. त्या काळी आपल्या माणसाला असले प्रश्न विचारायची रीत नव्हती.

त्या दिवशी त्यांनी फोटो पलंगावर मांडले, त्यातले काही निवडले आणि वाचनालयाच्या दिशेने हात केला. मला कळलं. मी म्हटलं, वन्सं, नक्की का? त्यावर त्या पलंगाच्या कडेला बसल्या आणि बोलायला लागल्या. हे अंघोळीला गेले होते म्हणून बरं.

"एकदा बोलते," त्या म्हणाल्या. प्रत्येक शब्दामागे केवढा तरी वेळ जात होता. "माझं. पोपटाचं नाही. जमलं तर जमलं. नाही तर... पुन्हा कुणी... बोल म्हणायचं नाही."

मी कबूल केलं. मनात म्हटलं, हे जमलं नाही तर घरातला हा आवाज आपण कायमचा घालवून बसू. पण कबूल न करून करणार काय होते?

तयारी आम्ही ह्यांच्या फिरायला जाण्याच्या वेळेत करायचो. त्यांना मी स्पष्ट सांगितलं होतं, तुम्ही खोलीत असलात तर वन्संचं भाषण तुम्हीच कराल. ते जरा रुसले, पण काठी घेऊन बाहेर पडायचे.

मी घड्याळ घेऊन बसायची आणि फोटो एकामागून एक समोर धरायची. पहिल्या दिवशीच अडचण कळली. वन्सं फोटो बघायच्या, शब्द निघायचा, आणि तो ओठांवर येईपर्यंत अर्धा मिनिट संपून मी पुढचा फोटो धरलेला असायचा. नवा फोटो दिसला की जुना शब्द बिचकायचा. मग ना हा ना तो. त्या हताश होऊन हात खाली टाकायच्या.

उपाय वन्संनाच सुचला. त्यांनी एक फोटो ठेवला, त्याच्या शेजारी कोरा कागद ठेवला, मग दुसरा फोटो, मग पुन्हा कोरा कागद. फोटोवर बोट ठेवून डोळ्यांना हात लावला. कोऱ्या कागदावर बोट ठेवून ओठांना. चित्र आलं की फक्त बघायचं. चित्र गेलं, पडदा कोरा झाला, की बोलायचं. सहा फोटो, सहा कोरे, मिळून बारा. नियम कुठेच मोडत नव्हता. मी वाचनालयात जाऊन ग्रंथपाल बाईंना विचारूनही आले. बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या की बाराच्या वर जात नाही ना, मग कोरं दाखवा नाही तर काळं दाखवा, तुमचा प्रश्न.

त्यानंतर जमायला लागलं. कोरा कागद समोर आला की वन्संचा चेहराच निवायचा. एकेका कागदावर दोन वाक्यं, कधी तीन. चौकातल्या झेरॉक्सवालीने फोटो संगणकात घेतले, मध्ये मध्ये कोरी पानं घातली, आणि सगळं एका पेन ड्राइव्हवर भरून दिलं.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी माझे गुडघे धरले होते. पेन ड्राइव्ह वाचनालयात पोचवायचं काम मी ह्यांच्यावर सोपवलं. ते खूश झाले. इतके दिवस बाहेर ठेवलेल्या माणसाला अखेर काहीतरी करायला मिळालं होतं. परत आले तेही खुशीत. वाचनालयातल्या संगणकावर सगळं व्यवस्थित तपासून दिलंय म्हणाले. मी पण म्हटलं, छान केलंत.

शनिवारी दालन भरलेलं होतं. बसस्थानकावरची ती बाई येणार, ही बातमी पसरली होती. ह्यांना मी पहिल्या रांगेत माझ्या शेजारी बसवलं आणि खोकल्याची गोळी तोंडात घालायला दिली. म्हटलं, ही संपेपर्यंत तोंड उघडायचं नाही, आणि संपली की माझ्याकडे दुसरी आहे. त्यांनी आज्ञाधारकपणे मान हलवली.

वन्सं पुढे खुर्चीवर बसल्या. करड्या रंगाची साडी नेसल्या होत्या आणि केस मी विंचरून दिले होते. दिवे मंद झाले. पहिलं चित्र आलं. रिकाम्या फलाटावर एक माणूस हात वर करून उभा आहे. बस नाही, समोर कुणी नाही, पण हात तसाच. वन्संनी शांतपणे बघितलं. दालनातल्या सगळ्यांनी बघितलं. अर्धा मिनिट झाला. मी कोऱ्या पडद्याची वाट बघत होते.

कोरा पडदा आलाच नाही. दुसरं चित्र आलं, हातात दुसऱ्याचीच छत्री घेऊन भांबावलेली बाई. वन्संनी तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं. त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी गोळी गालात सरकवली आणि माझ्या कानाशी येऊन अभिमानाने सांगितलं की त्या झेरॉक्सवालीने मध्ये सहा पानं कोरीच सोडली होती, बरं झालं मी तपासलं, सगळी काढून टाकली.

त्यांना काय सांगणार? छापखान्यातल्या माणसाला मध्येच कोरी राहिलेली पानं दिसली की तो ती ठेवेल का? आणि ती कशाला होती हे त्यांना आम्हीच कळू दिलं नव्हतं. तरी मी कुजबुजले, "ती वन्संच्या बोलण्याची जागा होती." हे माझ्याकडे बघत राहिले. मग पडद्याकडे. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला.

तिसरं चित्र आलं आणि गेलं. चौथं आलं. वन्सं बोलायला सुरुवात करायच्या आणि चित्र बदलायचं. "हा... हात..." म्हणेपर्यंत पडद्यावर दोन बायका पाठमोऱ्या चालत असायच्या. मागे कुणीतरी खोकलं. कुणीतरी कौतुकाने नाही तर दयेने चुकचुकलं, आणि ते मला पडलेल्या थपडेसारखं लागलं. पाचवं. सहावं. मग पडदा पांढरा झाला. चित्रं संपली. वन्संनी एकही वाक्य पुरं केलं नव्हतं.

ग्रंथपाल बाईंचा हात घंटेकडे गेला.

ह्यांना राहवलं नाही. बहीण चारचौघांत अशी बसलेली त्यांना सोसेना. गोळी कधीच गिळली होती. ते अर्धवट उठले आणि तिला सोपं जाणारं तेच तिच्या हातात द्यावं म्हणून हळूच म्हणाले, "सर्व प्रवाशांनी..."

दालनात एकदम हालचाल झाली. सगळ्यांनी ओळखलं. दोघातिघांनी टाळ्याही वाजवल्या. वन्संनी ते म्हटलं असतं तर दालन डोक्यावर घेतलं गेलं असतं. सगळे त्यांना आनंदाने घरी पोचवायला आले असते. मला दिसत होतं, ते वाक्य त्यांच्या जिभेवर येऊन उभं होतं. जुन्या वाटेने, काही कष्ट न करता.

वन्संनी भावाकडे बघितलं.

"दादा, गप बस."

लखलखीत आलं. दालन हसलं. हे खाली बसले. माझ्या मते साठ वर्षांत त्यांना कुणी इतक्या थोडक्यात गप्प केलं नव्हतं.

ग्रंथपाल बाईंनी घंटा उचललेलीच होती. त्यांनी मनगटावरचं घड्याळ दिव्यापाशी नेऊन बघितलं आणि घंटा टेबलावर ठेवली. म्हणाल्या, "बारा चित्रांची वेळ दिलेली आहे. सहा झाली. निम्मी वेळ शिल्लक आहे." एवढंच. दयाबिया काही नाही, नियम म्हणजे नियम.

वन्सं पांढऱ्या पडद्याकडे वळल्या. समोर काही नव्हतं. शब्दांना बिचकवायला पुढचं चित्र नव्हतं. आता सगळं दालनच त्या कोऱ्या कागदासारखं झालं होतं. त्यांनी पडद्याच्या मध्यावर बोट दाखवलं.

"हात," त्या म्हणाल्या. "वर. तो... बस गेली. त्याला... माहीत होतं. पण हात खाली... आणला... की मग... खरंच गेली."

मग मागून एका म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारलं, किती वेळ उभा होता तो? आता वन्सं थांबतील असं मला वाटलं. त्या थांबल्याही. लोकही थांबले. ह्यांनी स्वतःच्या तोंडावर हात धरला होता. अखेर आलं. "दुसरी... लागली. ड्रायव्हरने... हॉर्न." दालन पुन्हा हसलं, आणि त्या हसण्यात मघाची दया नव्हती.

मग त्यांनी छत्रीवाली सांगितली. मुलीला बसमध्ये बसवलं, तिची छत्री हातात राहिली, आणि ती बाई रोज ती छत्री घेऊन यायची, मुलगी परत येईपर्यंत. पुढचं चित्र लोकांना अर्धंमुर्धंच आठवत होतं. एकजण म्हणाला, ते पावसातलं का, जमीन ओली आणि मध्ये बसच्या आकाराची कोरडी जागा? दुसरी म्हणाली, आणि त्या कोरड्यात एक लहान मुलगी उभी होती. वन्सं जोरात मान हलवत होत्या. त्यांना जे सांगायचं होतं ते चित्र लोकच मिळून पुन्हा काढत होते, पण त्याच्या आत काय होतं ते मात्र कुणी पुरं करत नव्हतं. ते त्यांच्यासाठी सोडलेलं होतं. "बाबा... तिथे बसले होते," त्या म्हणाल्या. "म्हणून... ती... तिथे."

चौथ्या चित्रावर आल्या. दोन बायका, जावा असाव्यात. म्हातारीला बसमध्ये बसवून गळ्यात गळे घालून रडल्या. बस वळणाआड गेली आणि दोघी दोन दिशांना. हे सांगताना वन्सं रंगात आल्या होत्या. "इतकं रडल्या... मला वाटलं... मग बस गेली... आणि एक म्हणाली..."

घंटा वाजली.

मी तुम्हाला सांगितलंच की बाई सख्ख्या भावालाही सोडत नाहीत. दालनातून नाराजीचा सूर निघाला. बाईंनी तिकडे लक्ष दिलं नाही. वन्संनी मात्र लगेच मान तुकवली. वेळेवर बस सोडण्यात आयुष्य गेलेलं, त्यांना वेळेचा राग कसा येणार? त्या उठून माझ्या शेजारी येऊन बसल्या. टाळ्या वाजत होत्या, पण त्या डोळे मिटून बसल्या होत्या आणि जमलं की नाही जमलं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून काही केल्या वाचता येईना.

आम्ही घरी निघालो. हे दोन पावलं मागे चालत होते. घरी आल्यावर मी जेवण गरम केलं, ताटं मांडली. तिघं बसलो. मला अट आठवत होती. जमलं असं धरावं तर सहातली चार सांगून झाली, त्यातलंही चौथं अर्धं. नाही जमलं असं धरावं तर आता या घरात बोल हा शब्द काढायची सोय नव्हती. म्हणून मी मीठ पुढे केलं, पाणी ओतलं, आणि काहीच विचारलं नाही. हे ताटाकडे बघत होते. ती पानं काढल्याबद्दल काहीतरी म्हणायचं होतं त्यांना, मला ते दिसत होतं. आयुष्यभर लोकांची वाक्यं पुरी केलेल्या माणसाला स्वतःचं एक सुरू करता येत नव्हतं.

वन्संनी घास खाली ठेवला.

"पाचवं," त्या म्हणाल्या.

आम्ही दोघांनी वर पाहिलं. पाचवं चित्र मला आठवत होतं. त्यात कुणीच नव्हतं. नुसता रिकामा फलाट. मी पूर्वी त्याच्यावरचे ठिपके भरले तेव्हाही मला वाटलं होतं, हा चुकून निघालेला दिसतो.

"सगळ्यांना... सोडायला... कुणीतरी असतं," वन्सं म्हणाल्या. "त्या बसला... नव्हतं. म्हणजे... होतं. वर होतं." त्यांनी स्वतःच्या छातीवर हात ठेवला. "तुमची... बस."

मला कळायला क्षण लागला. ह्यांना आधी कळलं. आमच्या लग्नाला फार दिवस झाले नव्हते तेव्हा ह्यांना दूरच्या गावी छापखान्यात काम मिळालं होतं आणि आम्ही तीन वर्षं तिकडे होतो; तो रोल वन्संनी आम्ही परतल्यावरच स्टुडिओत दिला असणार. निघालो त्या दिवशी बस सुटल्याची घोषणा वन्संनीच केली होती. मला अजून ऐकू येते, नेहमीसारखी, कणभर कमी-जास्त नाही. हे खिडकीतून वर त्या काचेकडे बघत राहिले, पण काचेवर ऊन होतं, आत काही दिसलं नाही. ह्यांना ते लागलं होतं. पुढे कितीतरी वर्षं थट्टेत म्हणायचे, बहीण एवढी कामसू की भावाला निरोप द्यायला चार पायऱ्या उतरली नाही. थट्टेतच, पण म्हणायचे.

हे ताटावरून बहिणीकडे वळले. मला वाटलं, आता विचारतील आणि उत्तरही स्वतःच देऊन टाकतील. त्यांनी विचारलं, "खाली का नाही आलीस?"

आणि गप्प राहिले. हात मांडीवर ठेवून, नुसते बघत. वन्संचे ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. बाहेरून एक सायकल गेली. ताटातलं सगळं निवत चाललं होतं. मी वाढायचा डाव आणायला उठणार होते, पण मीही बसून राहिले.

"लगेच... पुढची... होती," वन्सं म्हणाल्या. थोडा वेळ गेला. त्यांना आणखी काही म्हणायचं होतं, आणि आम्हाला ते दिसत होतं. "रडत... आले असते... खाली. मग पुढची... कशी सांगणार? आवाज... राहिला नसता."

ह्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग त्यांनी स्वतःची खुर्ची ओढून वन्संच्या बाजूला नेली, ताटासकट.

जेवण पार गार झालं होतं. आम्ही तसंच जेवलो. अटीचा विषय कुणी काढला नाही, आणि काढण्यासारखं काही उरलंही नव्हतं. वन्संना कुणी बोल म्हटलं नव्हतं.

हात धुऊन आल्यावर ह्यांनी जरा भीत भीत विचारलं, आणि सहावं?

"उद्या," वन्सं म्हणाल्या. "आज... दमले."